खेड्यात राहून लिहिणाऱ्याने लेखकमित्र कुठे शोधावेत?

प्रश्न : कोरडवाहू (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

मी दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात राहतो. शेती हा माझा व्यवसाय असून बऱ्याच वर्षांपासून मी कथा लिहीत आलो आहे. त्यांपैकी काही कथा वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत छापूनही आल्या आहेत. आमच्या गावात वाचणारे पुष्कळ आहेत, ग्रामपंचायतीच्या खोलीत चालणारे ‘ड’ वर्गाचे एक वाचनालयही आहे. परंतु लिहिणारा दुसरा कोणीही नाही.

याला अपवाद होते ते आमच्याकडे ग्रामसेवक म्हणून आलेले एक गृहस्थ. ते कविता लिहीत. कार्यालयाला कुलूप लावून झाले की समोरच्या पारावर आम्ही बसत असू आणि मी जे काही लिहिले असेल ते त्यांना वाचून दाखवीत असे. ते फारसे बोलत नसत. मात्र मध्येच “थांबा भाऊ, एवढा तुकडा पुन्हा वाचा” असे ते म्हणाले, की त्या ठिकाणी एकतर काही साधले आहे किंवा काही बिघडले आहे, एवढे मला न सांगता उमगत असे. त्यांची जिल्ह्याबाहेर बदली झाली आणि माझे लेखन मंदावले. आता वही उघडतो, पानभर लिहितो, आणि हे कोणाला वाचून दाखवायचे या विचाराशी येऊन थांबतो.

व्हॉट्सॲपवरच्या दोन साहित्यिक समूहांत मी आहे. तेथे कथा टाकली की दोन मिनिटांच्या आत “अप्रतिम” आणि “खूपच हृदयस्पर्शी” असे अभिप्राय येऊ लागतात. कथा शांतपणे वाचायला मात्र किमान वीस मिनिटे लागतात. साहित्य संमेलनांनाही जातो. तेथे ओळखी होतात, पुस्तकांची देवाणघेवाण होते, छायाचित्रे काढली जातात, आणि मांडव उतरला की त्या ओळखीही उतरतात.

म्हणून जाणत्यांना माझे दोन प्रश्न आहेत. लेखकाला लेखकमित्रांची खरोखरच गरज असते काय, की न लिहिण्यासाठी मी शोधलेली ती एक सबब आहे? आणि गरज असेलच, तर जेथे जवळचा लिहिणारा माणूस तीस-चाळीस किलोमीटरवर आहे आणि शेवटची एस.टी. दिवेलागणीलाच निघून जाते, अशा भागात ही मैत्री जुळवावी कशी आणि टिकवावी कशी?

उत्तर : जुने गुरुजी (मेहकर, जि. बुलडाणा)

कोरडवाहू भाऊ, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपणच देऊन बसला आहात. ग्रामसेवक असताना लेखन चालू होते आणि ते गेल्यावर मंदावले, याचा अर्थ गरज आहे. ती असण्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

मी ज्या गावात राहतो, त्या मेहकरचेच उदाहरण देतो. ना. घ. देशपांडे यांनी येथे आयुष्यभर वकिली केली. सिंदखेडराजाला जन्मलेला हा कवी पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूरच राहिला. तरीही त्यांची ‘शीळ’ ही कविता महाराष्ट्रभर गेली, ती जी. एन. जोशी यांनी गायल्यामुळे. तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि लोक ती गुणगुणू लागले. याच नावाचा कवितासंग्रह मात्र १९५४ मध्ये आला, म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधी कविता लोकांच्या ओठी बसलेली होती. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो त्याहून पुढे, १९८६ मध्ये, ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी. एकट्याने आणि आडगावात लिहिलेली ओळसुद्धा कोणीतरी दुसऱ्याने उचलून धरावी लागते, असे मला या घटनेवरून वाटत आले आहे. ज्याने ती उचलली तो कवी नव्हता, गायक होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अंतराचे म्हणाल, तर आमच्या तरुणपणी अंतर हे न भेटण्याचे कारण होते, न बोलण्याचे नव्हते. पोस्टकार्ड होते. सुरेश भटांनी अमरावतीत आणि पुढे नागपुरात राहून गझल लिहू पाहणाऱ्या नवख्या मुलांशी जो पत्रव्यवहार केला, तो विदर्भाच्या बाहेरही अनेकांनी जपून ठेवला आहे. ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका त्यांनी याच मंडळींसाठी तयार केली आणि मागणाऱ्यांना पाठवली. वृत्त कुठे सुटले, काफिया (यमक) कुठे लंगडा पडला, हे पत्रातून सांगणारा माणूस असला म्हणजे तालुक्याच्या गावी बसलेला पोरगाही शिकू शकतो. एवढा नावाजलेला कवी अनोळखी माणसाच्या वहीवर आपला वेळ खर्च करतो, याचा परिणाम त्या माणसावर काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकता.

संस्थांचेही थोडे सांगतो. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ मध्ये मकरसंक्रांतीच्या दिवशी अमरावतीला झाली. त्याच वर्षी तिकडे पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झाले. संघ मोठा झाला, त्याच्या शाखा निघाल्या, ‘युगवाणी’सारखे नियतकालिक निघाले, मंडळ मात्र आठ-दहा जणांचेच राहिले. रविवारी जमावे, चहा घ्यावा आणि एकमेकांच्या कविता ऐकाव्यात, एवढाच त्यांचा शिरस्ता. त्या मंडळात कवींबरोबर ग. त्र्यं. माडखोलकरही होते, जे पुढे नागपूरला येऊन आपल्याकडचेच झाले. संस्था व्यासपीठ देते, ते आवश्यकच आहे. पण वहीतले कच्चे पान बाहेर काढायला माणसे मोजकी लागतात, शंभर जणांसमोर ते निघत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की आपण मंडळ काढण्याच्या भानगडीत पडू नये. बदली झालेल्या त्या ग्रामसेवकांनाच पत्र लिहावे. माणूस गेला आहे, त्याचा पत्ता गेलेला नाही.

उत्तर : सरकी (अकोट, जि. अकोला)

गुरुजींचा मान राखून थोडा वेगळा सूर लावतो.

रविकिरण मंडळाचे कौतुक करताना हेही सांगितले पाहिजे, की एकमेकांच्या संगतीने त्या कवितेला एक ठराविक वळण लागले आणि त्याच वळणावर आचार्य अत्रे नेम धरून बसले होते. १९२५ मधला ‘झेंडूची फुले’ हा विडंबन कवितांचा संग्रह त्याचेच फळ. मित्रमंडळात राहिल्याने लिहिण्याची उमेद टिकते, हे मान्य. परंतु त्याच उबेत लेखनातले ढिसाळपणही टिकते. आज तर खेडोपाडी असे चित्र आहे, की तू माझ्या पुस्तकाला प्रस्तावना लिही, मी तुझ्या पुस्तकाचे परीक्षण लिहितो, आणि प्रकाशन समारंभात दोघेही एकमेकांना शाल-श्रीफळ देऊ. कापसाचा चुकारा आला की त्यातून पदरमोड करून पुस्तक छापणारे शेतकरी कवी मी पाहिले आहेत. त्यांच्या घरी खाटेखाली पुस्तकांचे गठ्ठे पडून आहेत. “हे पुस्तक इतक्यात काढू नका, आणखी वर्षभर लिहा” असे सांगणारा मित्र त्यांच्यापैकी एकालाही भेटला नाही, किंवा भेटला असल्यास त्याने भिडेखातर तोंड उघडले नाही. अशा मैत्रीपेक्षा आपले एकटेपण परवडले.

मग मित्राने नेमके करावे काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. माझ्या एका स्नेह्याची कथा मी कच्च्या रूपात वाचली. शहरातल्या दोघा-तिघा जाणकारांनी ती आधी वाचून नावाजली होती. कथेत एका सुनेचे माहेर तुटण्याचा प्रसंग होता आणि तो लिहिलाही चांगला होता. पण दिवाळीच्या दिवसांत ती तुरीच्या वावरात सोंगणीला गेलेली दाखवली होती. आता दिवाळीला तूर कोण सोंगते? त्या वेळेस सोयाबीन निघालेले असते, कापसाची पहिली वेचणी चाललेली असते, आणि तूर पिवळ्या फुलांवर उभी असते. ती हाती यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. एवढी गोष्ट मी सांगितली. त्यावर त्यांनी पीक बदलून भागवले नाही. वेचणीचा प्रसंग घेतला, आणि वेचणी म्हटली की बाया ओळीओळीने पुढे सरकतात, एकमेकींशी बोलतात, संध्याकाळी प्रत्येकीचा कापूस काट्यावर मोजला जातो आणि किलोप्रमाणे मजुरी मिळते. त्या दिवशी त्या सुनेचा कापूस नेहमीपेक्षा निम्मा भरतो, आणि तिच्या घरात काहीतरी घडले आहे हे बाकीच्या बायांना काट्यावरूनच कळते. अख्ख्या कथेचा काटा तेथे फिरला. ही सुधारणा माझी नव्हे, त्यांचीच; मी फक्त तुरीचा हंगाम सांगितला होता.

आपल्यासारख्यांना अशा मित्राची गरज आहे, कारण पुण्याचा संपादक वाक्यरचना तपासू शकतो, आपली वऱ्हाडी सुधारून तिचे वाटोळेही करू शकतो, पण वावर तपासू शकत नाही.

समूह चालतच नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. नागपूरला जन्मलेल्या गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिक चालवले आणि त्याचे मेळावे भरवले, तेव्हा ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी पाटीसुद्धा धरली नव्हती अशी गावोगावची मुले तेथे येऊन लिहिती झाली. ती मंडळी एकमेकांची पाठ थोपटण्यासाठी जमली नव्हती. त्यांच्यापुढे काम होते, भांडण होते, आणि आपसात मतभेदही कडाक्याचे होते. कामावाचून जमलेले लेखक लवकरच एकमेकांचे सत्कार करू लागतात, असा माझा अनुभव आहे.

उत्तर : मोहफूल (साकोली तालुका, जि. भंडारा)

दादा, आपण पार, संध्याकाळ आणि शेवटची एस.टी. यांचा उल्लेख केला आहे. बाईमाणसाचा प्रश्न त्याच्या आधीच सुरू होतो. माझ्या गावात लिहिणाऱ्या आम्ही दोघी-तिघी आहोत. पण दिवेलागणीनंतर पारावर बसून कविता वाचणे आम्हाला शक्य नव्हते आणि आजही नाही. दुपारी बचत गटाची बैठक असते, तेव्हा हिशेबाची वही मिटल्यावर जो अर्धा तास मिळतो, तो आम्ही आमच्या लेखनासाठी राखून ठेवला. बाकीच्या बाया उठून जात नाहीत, त्याही ऐकत बसतात, आणि अनेकदा त्यांचेच बोलणे अधिक उपयोगी पडते. एकीने मला सरळ विचारले होते, “बाई, तुमच्या कवितेतली बाई रडतेच किती? तिला कामं नाहीत का?” त्या दिवसापासून माझ्या कवितेतील बाईला मी कामाला लावले आहे.

सरकी भाऊंनी वऱ्हाडीचा विषय काढला, तसाच आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या भागात, झाडीबोलीचा आहे. घरात बोलतो ती बोली कागदावर आणायला आम्हाला संकोच वाटत असे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास केला, लिहिणाऱ्यांना जमवले, झाडीबोलीची संमेलने भरवण्यात पुढाकार घेतला, त्यामुळे आपल्यासारखे आणखीही आहेत हे आम्हाला कळले. मला वाटते, मैत्रीचा पहिला लाभ हाच असावा. कोणी दुरुस्ती करणे, सूचना देणे हे पुढचे झाले. आपण करतो ते वेडगळपणाचे नाही, हे दुसऱ्या एखाद्या माणसाकडे पाहून पटणे, याची गरज खेड्यातील बाईला सर्वांत आधी असते, कारण घरात तिच्या वहीकडे पाहण्याची दृष्टी “वेळ जातो वाटते तुझा” अशीच असते.

आमच्याकडे आणखी एक सोय आहे, जी यवतमाळकडे कदाचित नसेल. दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. वडशाच्या (जि. गडचिरोली) नाटक कंपन्या गावोगाव जातात, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. येथील लेखकाला समीक्षक शोधावा लागत नाही. कनातीत बसलेले हजारो लोक पहाटेपर्यंत जागत असतात. प्रवेश लांबला की ते उघड चुळबुळ करतात, संवाद बसला की शिट्ट्या पडतात. नट आणि लेखक बरोबर प्रवास करतात, आणि दुसऱ्या गावच्या प्रयोगात तो प्रवेश आखूड झालेला असतो.

पत्रांबद्दल गुरुजींनी लिहिले, त्यात एक भर घालते. मूर्तिजापूरला जन्मलेले कवी अनिल आणि अमरावतीच्या कुसुमावती यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक ती प्रेमपत्रे म्हणून वाचतात आणि ती तशी आहेतही. परंतु दोन लिहिणारी माणसे एकमेकांना कशी घडवतात, हे पाहण्यासाठीही ती वाचावीत. अनिल १९५८ मध्ये मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि कुसुमावती १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या. तोवर त्या पदावर एकही स्त्री बसलेली नव्हती.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर एक उपाय सुचवते. कथा टंकून पाठवण्याऐवजी ती स्वतःच्या आवाजात वाचून, ध्वनिमुद्रित करून मित्राला पाठवावी. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मला वाचायला सवड नसते, पण बांधावर जाताना कानात कथा ऐकता येते. दुसरे असे, की वाचताना लेखक स्वतः जेथे अडखळतो ते ऐकणाऱ्याला ऐकू येते, छापलेल्या पानावर ते दिसत नाही.

उत्तर : धामकाठ (पवनार, जि. वर्धा)

येथवरच्या चर्चेत एक गृहीत धरलेले दिसते, की लेखकाचा मित्र हा लिहिणाराच असला पाहिजे. गुरुजींनी गायकाचे उदाहरण देऊन आणि मोहफूल ताईंनी बचत गटातल्या बायांचे सांगून ते थोडे हलवले आहे. मी ते आणखी हलवू इच्छितो.

आमच्या पवनारशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या विनोबांची ‘गीता प्रवचने’ ही मराठीत कदाचित सर्वाधिक घरांत पोहोचलेल्या पुस्तकांपैकी असतील. ती पुस्तक म्हणून लिहिलेलीच नव्हती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी एकेका अध्यायावर बोलले आणि समोर बसून साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. अठरा अध्यायांची अठरा प्रवचने अशी झाली. साने गुरुजी स्वतः लेखक होते, पुढच्याच वर्षी त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून काढली. तरी धुळ्यात त्यांनी आपली लेखणी दुसऱ्याच्या शब्दांच्या पाठीशी चालवली. बोलणाऱ्याला समोर कोण बसले आहे यावरून बोलण्याचा सूर सापडतो. समोर साने गुरुजींऐवजी दुसरा कोणी बसला असता, तर विनोबा तेच बोलले असते, असे मला वाटत नाही.

तेव्हा कोरडवाहू भाऊ, आपण लिहिणारा शोधत आहात, त्याऐवजी ऐकणारा शोधा. आपणच म्हणता की गावात वाचणारे पुष्कळ आहेत. वाचनालयात रोज येणारा एखादा म्हातारा, दहावी-बारावीची एखादी चुणचुणीत मुलगी, दूध संकलन केंद्रावर बसणारा एखादा पोरगा यांपैकी कोणाला आपण कधी आपली कथा वाचून दाखवली आहे काय? खेड्यातले लेखक गावकऱ्यांपासून आपले लेखन लपवतात, कारण पात्रे ओळखली जातील अशी त्यांना धास्ती असते. ती धास्ती खोटी नाही. गावात त्यावरून भांडणे झाल्याचे मला ठाऊक आहे. तरीही ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना आयुष्यभर चोरून लिहीत राहणे, हे मला फार काळ निभण्यासारखे वाटत नाही.

प्रश्नकर्ता : कोरडवाहू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धामकाठ यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर “नाही” असेच आहे, आणि त्याचे कारणही त्यांनी अचूक ओळखले आहे. माझ्या बहुतेक कथा आमच्याच गावातून निघालेल्या आहेत. सावकारीवरची एक कथा तर अशी आहे, की पाटलांच्या वाड्यावर ती वाचली गेल्यास माझ्या शेतात जाणाऱ्या पांदणीचा रस्ता बंद व्हायचा. त्यामुळे प्रत्येक कथा गावात वाचता येईल असे नाही. परंतु काही वाचता येतील. वाचनालयाचे ग्रंथपाल निवृत्त तलाठी आहेत आणि गावातला प्रत्येक बांध त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्यापासून सुरुवात करीन.

गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे ग्रामसेवकांना फोन केला. त्यांनाही तेथे कोणी मिळालेले नाही. कविता सुचतात पण उतरत नाहीत, असे ते म्हणाले. हे ऐकून मला वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले, कारण पारावर माझाच फायदा होतो असे मी समजत होतो.

आता एक अडचणीचा प्रश्न. सरकी भाऊ म्हणतात तशी स्पष्ट सूचना द्यायची, तर मैत्री तुटणार नाही कशावरून? शिवाय दोघे मित्र एकाच पुरस्काराला पुस्तके पाठवतात आणि तो एकालाच मिळतो, तेव्हा काय करावे?

उत्तर : सरकी

तुटते. हे लपवण्यात अर्थ नाही. माझी एक मैत्री याच कारणाने तुटली आहे आणि ती पुन्हा जुळेल असे दिसत नाही. मात्र ज्या टिकल्या, त्या का टिकल्या हे पाहिले असता दोन गोष्टी आढळतात. पहिली अशी, की सूचना छापण्याआधी द्यायची, छापून झाल्यावर द्यायची नाही. पुस्तक बाहेर आल्यावर दोष दाखवणे हे समीक्षकाचे काम झाले. मित्राने तेव्हा पुस्तक विकत घ्यावे आणि गप्प बसावे. दुसरी अशी, की दोघांची वही दोघांसमोर उघडलेली असावी. एकाने सदैव वाचायचे आणि दुसऱ्याने सदैव तपासायचे असे झाले, की तपासणारा मास्तर होतो, आणि मास्तराशी कोणाची मैत्री होत नाही (गुरुजींनी क्षमा करावी).

असूयेवर माझ्याकडे औषध नाही. ती होते. मला झालेली आहे. मित्राच्या पुस्तकाची बातमी वृत्तपत्रात पाहून सकाळचा चहा गोड लागला नाही, असा दिवस प्रत्येक लेखकाच्या वाट्याला येतो. तो दिवस जाऊ द्यावा आणि संध्याकाळी फोन करून अभिनंदन करावे. मनातून आले नाही तरी करावे. पुढच्या वेळी ते थोडे अधिक मनातून येते.

उत्तर : जुने गुरुजी

क्षमा केली. मास्तरांनाही मित्र असतात, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

पुरस्काराबद्दल म्हणाल, तर पुस्तके पाठवण्याआधी दोघांनी एकमेकांना सांगावे. लपवून पाठवलेले पुस्तक निकालाच्या दिवशी उघडे पडते आणि मग पुरस्कारापेक्षा लपवाछपवीच अधिक बोचते. प्रवेशशुल्क घेऊन पुरस्कार देणारे जे अनेक निघाले आहेत, त्यांच्याकडे मात्र दोघांनीही पाठवू नये. तेवढ्या पैशांत एकमेकांची पुस्तके विकत घ्यावीत.

मोहफूल ताईंची ध्वनिमुद्रणाची युक्ती मला आवडली. माझी दृष्टी आता मंद झाली आहे, छापील अक्षर फार वेळ वाचवत नाही. कोरडवाहू भाऊंनी कथा आवाजात पाठवली, तर मी आनंदाने ऐकेन आणि माझे म्हणणे पोस्टकार्डावर लिहून कळवीन. हस्ताक्षर अजून वाचण्याजोगे आहे.

उत्तर : मोहफूल

दादा, आपल्या उत्तरातले एक वाक्य मला थांबवून गेले. पारावर आपलाच फायदा होतो असे आपण समजत होतात, आणि कविता मात्र त्यांची अडली. आमच्या गटातही हेच आहे. जी बाई कधीच काही वाचत नाही, नुसती ऐकते, ती एखाद्या दिवशी आली नाही तर आम्हा लिहिणाऱ्यांनाही वाचावेसे वाटत नाही. लेखकांच्या मैत्रीत कोण देतो आणि कोण घेतो, याचा हिशेब बचत गटाच्या वहीसारखा मांडता येत नाही.

ग्रामसेवक भाऊंना याच चर्चेत घेऊन या. त्यांच्या कविता ऐकायला आम्ही आहोत.

प्रश्नकर्ता : कोरडवाहू

त्यांना दुवा पाठवला आहे; आज मासिक सभा असल्याने ते रात्री लिहितील.

गुरुजी, आपल्याला एक कथा वाचून, ध्वनिमुद्रित करून पाठवतो. सरकी भाऊ, तीच कथा आपल्यालाही पाठवतो. हंगाम तपासून घ्यावा, विशेषतः हरभऱ्याच्या घाट्यांचा उल्लेख आहे तो.

आणखी एक विचार मनात आहे. सोयाबीन काढून झाले की हाताशी चार-आठ दिवस मोकळे मिळतात. तेव्हा कारंज्याला एक दिवस भेटावे काय? अकोटकडून येणाऱ्याला मूर्तिजापूरवरून एस.टी. मिळते, मेहकरहून येणे लांब पडते पण एका दिवसात होण्यासारखे आहे, आणि आम्हाला तर दारव्ह्याहून ते जवळच आहे. शकुंतला ही आमची अरुंद रुळांची रेल्वे चालू असती, तर मूर्तिजापूरला बसलेला माणूस कारंज्यावरून थेट दारव्ह्यापर्यंत आला असता. पण ती बंद आहे. सकाळी अकराला जमावे, प्रत्येकाने एकच लेखन आणावे, तेही न छापलेले. हार, शाल, फलक आणि छायाचित्रे यांपैकी काहीही असू नये. साकोली फारच दूर असल्याने मोहफूल ताईंचे लेखन आम्ही फोनवर ऐकू, आणि धामकाठ यांनी पवनारहून निघण्याचे मनावर घेतल्यास पुलगाव, धामणगावमार्गे त्यांना येता येईल काय, ते त्यांनी कळवावे.

उत्तर : धामकाठ

येतो. न छापलेले लेखन माझ्यापाशी काही नाही, मी लिहीतच नाही. ऐकायला येतो.